शाळेत मुलांच्या आणि स्टाफच्या तब्येतीसाठी आधी काय करावं? (सोलापूर, पूर्व भाग)

पूर्वभाग_बाई

नमस्कार. शाळा अनुदानित आहे, पाचवी ते दहावी. सव्वाचारशेच्या आसपास मुलं, त्यात दोनशे मुली. सोळा शिक्षक, चार शिक्षकेतर कर्मचारी आणि पोषण आहार शिजवणाऱ्या तीन ताई. बहुतेक घरांत आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. घरी तेलुगू, शाळेत मराठी. नळाला रोज पाणी येत नाही. खाली हौद, गच्चीवर दोन-दोन हजार लिटरच्या दोन टाक्या, आणि एक बोअर आहे, पण पाणी जड.

जूनपासून वर्षभराचं आरोग्याचं नियोजन करायचं आहे. शाळा समितीत तीन सूचना आल्या: एक मोठं आरोग्य शिबिर, आरओ मशीन, किंवा समुपदेशक. सध्याच्या पैशात यातलं एकच जमेल. कायमच्या तक्रारी अशा: परिपाठात चक्कर येऊन पडणं, दुपारनंतर डोकं आणि पोट दुखणं, मुलींची महिन्यातून दोन-तीन दिवस गैरहजेरी, शिक्षकांचे बसलेले घसे, आणि दुसऱ्या सत्रात स्टाफच्या आजारपणाच्या रजा. शाळा अकरा ते पाच, मार्चपासून सकाळची.

या क्षेत्रातल्या लोकांनी कृपया नेमकं सांगावं. पोस्टर आणि घोषवाक्यं आमच्याकडे भरपूर आहेत.

आरोग्यपथक_ताई

बाई, तुम्ही लिहिलेल्या निम्म्या तक्रारींचं मूळ एकच असण्याची शक्यता फार आहे. शाळेच्या वेळेत कुणी पुरेसं पाणी पीत नाही, आणि पीत नाही कारण नंतर जायला धड जागा नाही. मुली हे करतात, आणि बाईसुद्धा करतात. सकाळी दहाला घरून निघायचं, संध्याकाळी साडेपाचला घरी पोचेपर्यंत लघवीला जायचं नाही, म्हणून घोटभर पाण्यावर दिवस काढायचा. त्यातून डोकेदुखी, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग, उन्हात चक्कर, कोरडा पडलेला घसा. तेव्हा मुलांसाठी एक योजना आणि स्टाफसाठी दुसरी अशी फोड करू नका. दोघांचा दिवस एकाच घंटेवर चालतो.

म्हणून तिन्ही सूचना जरा बाजूला ठेवा आणि आधी स्वच्छतागृह बघा. स्वतः आत जा, दार लावून बघा. आतून कडी बसते का? दाराच्या फटीतून बाहेरचं दिसतं का? ओढणी अडकवायला खिळा आहे का? बादली, मग, आणि दुपारी तीन वाजता नळाला पाणी आहे का? झाकणाचा डबा आहे का? यातली एक गोष्ट जरी नसली तरी मुलगी तिथं जाणं टाळते, आणि कुणाला सांगतही नाही. सरकारी निकष दर 40 मुलांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या असा आहे. दोनशे मुलींना त्या हिशेबानं पाच शौचालयं लागतात. पाच नसली तर निदान असलेली सगळी चालू हवीत. बऱ्याच शाळांत दोन कुलूपबंद असतात, "मुलं घाण करतात" म्हणून.

साफसफाई दोनदा: शाळा भरण्याआधी आणि मधली सुट्टी संपल्या संपल्या. दुसरी जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच टाळली जाते. सेवकाला हातमोजे, गमबूट, लांब दांड्याचा ब्रश द्या. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच टाकू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद जागेत तो छातीत बसतो.

महिला स्टाफच्या स्वच्छतागृहाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर असेल तर ती आजच स्टाफरूमच्या खिळ्यावर लावा. मागून घ्यावी लागते म्हणून बाया जात नाहीत.

हे झालं की मग पाण्याची घंटा. दुसऱ्या तासाला, मधल्या सुट्टीत आणि सहाव्या तासाला. दोन मिनिटं, सगळ्यांनी बाटली काढायची, शिकवणाऱ्यांनीसुद्धा. शाळेच्या वेळेत एक लिटरची बाटली संपली पाहिजे, उन्हाळ्यात दीड. लघवी फिकट पिवळी असली तर पाणी पुरतंय, गडद असली तर कमी पडतंय. एवढं मुलांना वर्गात मोकळेपणानं सांगा. आणि कुठल्याही तासाला लघवीला जायची परवानगी मागितली तर द्यायची, हा नियम स्टाफ मीटिंगमध्ये लिहून घ्या. तो लिहिला नाही तर घंटा नुसती वाजत राहील.

पाळीसाठी: पॅड कपाटात कुलूपबंद नकोत. एका बाईंच्या जबाबदारीवर मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ डबा, त्यात पॅड आणि जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे. मोजदाद महिन्यातून एकदा. कुणी किती घेतली याची यादी करू नका, यादी सुरू झाली की मुली घेणं बंद करतात.

शिबिराबद्दल: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतं, फुकट. त्यावर पुन्हा खासगी शिबिर कशाला? पैसा पाठपुराव्याला ठेवा. तपासणीत निघालेल्या मुलांची चिठ्ठी घरी जाते आणि दप्तरातच राहते. विडी वळणारी आई सिव्हिलला गेली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. शाळेनं महिन्यातला एक दिवस ठरवून सात-आठ मुलं आणि पालक एकत्र नेले, रिक्षाचं भाडं दिलं, तर चष्मे खरोखर डोळ्यांवर येतात.

टाकी_आणि_नळ

आरओबद्दल मी लिहितो, पाण्याचं काम करतो.

नळाचं पाणी असताना आरओ घेऊ नका. पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओची गरजच नाही. आरओ पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतं, आणि मग ते पाणी न घासलेल्या टाकीत किंवा जारमध्ये ठेवलं की त्यात जंतू वाढायला काहीच अडथळा राहत नाही. शिवाय बरंच पाणी वाया जातं, आणि आपल्याकडे पाणी वाया घालवणं परवडत नाही. बोअरचं जड पाणी फक्त स्वच्छतागृहाला आणि झाडांना. पिण्याच्या टाकीत ते मिसळू देऊ नका. एकाच पाइपवर दोन व्हॉल्व्ह असतील तर ते वेगळे करून घ्या, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तुमचा खरा प्रश्न साठवणीचा आहे. महापालिकेचं पाणी क्लोरीन घालूनच येतं, पण हौदात आणि उन्हातल्या टाकीत दोन-तीन दिवस राहिलं की ते क्लोरीन उडून जातं. म्हणून मुलं ज्या नळाला पितात त्याच नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन उरलंय का ही तपासणी, करा. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळा रंग डब्यावरच्या पट्टीशी जुळवायचा. लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅमच्या दरम्यान आलं तर ठीक. रंगच आला नाही तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालायची: 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम, म्हणजे तुमच्या एका भरलेल्या टाकीला 10 ग्रॅम.

चूक होते ती इथं. मूठभर पावडर थेट टाकीत टाकतात, चुना तळाला बसतो, पाण्याला वास मारतो आणि मुलं पिणं सोडतात. पावडर आधी प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरा, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या, वरचं नितळ पाणी टाकीत ओता, खालचा गाळ फेकून द्या. कमीत कमी अर्धा तास थांबा, तास मिळाला तर उत्तम, मग पुन्हा ओटी. म्हणजे हे काम शाळा भरायच्या दीड तास आधी झालं पाहिजे. मापासाठी एकदाच किराणा दुकानातल्या काट्यावर 10 ग्रॅम तोलून घ्या आणि ते ज्या चमच्यात बसेल तो चमचा डब्याला बांधून ठेवा. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत. उघडी पिशवी ठेवली की जोर जातो. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, ते 20 च्या खाली गेलं की पावडर निकामी.

हौद आणि टाक्या वर्षातून निदान दोनदा रिकाम्या करून घासा, एकदा शाळा सुरू होण्याआधी जूनमध्ये आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीत. झाकण घट्ट बसलं पाहिजे आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधलेली हवी. डेंगीचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आपल्या उष्णतेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून हात धुवायच्या बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, खिचडीच्या शेडमधला पिंप आठवड्यातून एक दिवस कोरडा करायचा. नुसता रिकामा करून चालत नाही, आतून घासायचा, कारण अंडी कडेला चिकटलेली राहतात. शनिवारी शाळा सुटताना हे काम लावून द्या.

पीटी_सर_जुळे_सोलापूर

परिपाठातली चक्कर. अकराला ऊन डोक्यावर असतं, मुलं ओळीत ताठ उभी, अनेकांच्या पोटात सकाळपासून फक्त चहा आणि खारी. पायात रक्त साठतं, मेंदूला कमी पोचतं, मूल पडतं. उपाय साधे आहेत. परिपाठ सावलीत किंवा वर्गात. उभं राहणं जास्तीत जास्त दहा मिनिटं, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना एवढंच. बातम्या, सुविचार, बोधकथा बसून. सूचना सांगायला मुलांना उभं ठेवायचं काहीच कारण नाही. उभं असताना पायाची बोटं हलवायची, टाचा उचलायच्या, हे मुलांना शिकवा.

मूल पडलंच तर जिथं आहे तिथं पाठीवर झोपवा, पाय फूटभर उंच, कॉलर आणि पट्टा सैल, गर्दी मागे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी, साखर काही घालू नका. मिनिट-दोन मिनिटांत उठलं नाही तर 108. आणि एक गोष्ट माझ्या सर्व पीटीच्या सहकाऱ्यांनी लक्षात ठेवावी: उभं असताना चक्कर येणं वेगळं आणि धावताना मूल कोसळणं वेगळं. धावताना कोसळलेल्या मुलाला नंतर कितीही बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे पाठवून हृदयाची तपासणी, ईसीजी झाल्याशिवाय मैदानावर उतरवायचं नाही.

मार्च ते जून आपल्याकडे पारा 42-43 च्या घरात जातो. सकाळच्या शाळेत पीटीचे तास पहिल्या दोन तासांत लावा. टाइमटेबल करतानाच हे धरलं नाही तर दहावीच्या जादा तासांसाठी पीटी उन्हात ढकलली जाते. ऊन लागलेलं मूल गोंधळल्यासारखं बोलत असेल, अंग भाजत असेल, तर तो उष्माघात आहे. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, काखेत आणि जांघेत ओले थंड फडके, 108 ला फोन. पाजत बसू नका. शुद्धीत असेल, नुसतं दमलं असेल तरच ओआरएस: पुडीवर लिहिलेल्या मापाचंच पाणी, मोठी पुडी एक लिटरला. अर्ध्या ग्लासात अख्खी पुडी घोळून देतात ते घातक आहे. पुडी नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोळलेलं चोवीस तासांनी टाकून द्या.

सिद्धेश्वर_पेठ_पालक

प्रथमोपचार पेटीत काय ठेवावं तेही कुणी सांगा. आणि फिट आली तर कांदा हुंगवतात तो बरोबर आहे का?

आरोग्यपथक_ताई

कांदा, चप्पल, किल्ली, काहीही नाही. फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली स्वेटर किंवा दप्तर, आजूबाजूचे बाक सरकवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ लावा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर 108.

घोळणा फुटला तर मान मागे नको. पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं सलग धरा, मध्ये सोडून बघू नका. कुत्रं चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका, आणि त्याच दिवशी लस. नुसता ओरखडा असला तरी. विंचू चावला तर चिरा देऊ नका, बांधू नका. मूल घामानं भिजलं, उलटी झाली, हातपाय गार पडले तर विष हृदयावर जातंय, लगेच दवाखान्यात, एक मिनिटही दवडायचं नाही.

पेटीत: निर्जंतुक गॉज, दोन इंची आणि चार इंची रोलर बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, पोव्हिडोन आयोडिन, ओआरएस, डिजिटल थर्मामीटर, त्रिकोणी कापड. गोळ्या-औषधं नकोत. दम्याच्या मुलांचा स्वतःचा इन्हेलर आणि टाइप 1 मधुमेहाच्या मुलांसाठी साखर किंवा ग्लुकोज मात्र वर्गातच, हाताशी. पेटीला कुलूप लावू नका. झाकणाच्या आतून वस्तूंची यादी आणि मुदत संपायच्या तारखा चिकटवा, दर महिन्याच्या एक तारखेला बघा.

पूर्वभाग_बाई

फार उपयोगी. किल्ली आज खिळ्यावर गेली. स्टाफबद्दल अजून विचारते. घशाचं काय करावं? आणि बीपी-शुगर तपासणी ठेवली की लोक टाळतात, "सगळ्यांना कळेल" म्हणतात. दुसऱ्या सत्रात सगळेच चिडचिडे होतात, त्याचा परिणाम मुलांवर होतो हे दिसतं.

वाचा_उपचार

शिक्षकाचा आवाज हे त्याच्या कामाचं साधन आहे, आणि त्याची निगा कुणी शिकवत नाही.

आवाज बसतो तो मोठ्यानं बोलण्यानं, आणि मोठ्यानं बोलावं लागतं ते वर्गातल्या गोंगाटामुळे. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली मुलं घरातच मोठ्यानं बोलायला शिकतात, त्यांना तसंच ऐकायची सवय असते. त्यांच्यात कमी ऐकू येणारी मुलं आहेत का, तेही बघून घ्या. म्हणून आधी गोंगाट कमी करा. कुरकुरणाऱ्या पंख्यांचं बेअरिंग बदलून घ्या. रस्त्याकडच्या खिडक्या शिकवताना बंद, मुलं लिहीत असताना उघड्या. वर्ग शांत करायला ओरडू नका, टाळीचा ठेका किंवा हात वर करण्याची खूण बसवा; दोन आठवडे सगळ्या शिक्षकांनी एकच खूण वापरली तर बसते.

कमरेला अडकवायचा छोटा स्पीकर आणि डोक्यावरचा माइक हजार-दीड हजारात मिळतो. शाळेनं तीन-चार घेऊन स्टाफरूममध्ये चार्जिंगला ठेवावेत. साठ मुलांच्या वर्गात माइक वापरण्यात कमीपणा नाही. मुख्याध्यापकांनी स्वतः वापरला की बाकीचे वापरतात.

टाइमटेबलमध्ये सलग तीन बोलके तास देऊ नका. मध्ये लेखनाचा, प्रयोगाचा किंवा ऑफ तास. घसा खाकरू नका, खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्याऐवजी घोटभर पाणी. घसा बसल्यावर कुजबुजणंही नको, ताणून कुजबुजलं तर त्रास वाढतो. गप्प राहणं हेच औषध. फळा ओल्या फडक्यानं पुसा, डस्टर वर्गात झटकू नका. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र बघून घ्यायलाच हवं. तंबाखू किंवा मावा खाणाऱ्या सरांनी तर लगेच.

निवृत्त_हेडसर

बीपी-शुगरबद्दल. लोक टाळतात ते गुप्तता नसते म्हणून. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर पट्टा बांधून मोठ्यानं आकडा सांगितला की कोण पुन्हा येईल? स्वतंत्र खोली, एकेक जण, आकडा चिठ्ठीवर लिहून त्याच माणसाच्या हातात. शाळेच्या नोंदीत फक्त "तपासणी झाली" एवढंच. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्यांची ही तपासणी विनामूल्य होते. केंद्राच्या परिचारिकेला शाळेत बोलवता येतं. मोजण्याआधी पाच मिनिटं बसवा, अर्धा तास चहा नको, लघवी तुंबलेली नको, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, दोनदा मोजा. 140/90 किंवा वर दोन वेगवेगळ्या दिवशी आलं तर डॉक्टर. यात शिपाईमामा, क्लार्क आणि खिचडीच्या ताई आल्याच पाहिजेत. ताईंना जुलाब झाले तर बरं वाटल्यावरही दोन दिवस स्वयंपाकाला नाही, आणि त्या दिवसांचं मानधन कापायचं नाही. कापलं तर त्या आजार लपवतील आणि तो पंगतीतल्या सगळ्या पोरांच्या पोटात जाईल.

आता चिडचिड. दुसऱ्या सत्रात दहावीची प्रात्यक्षिकं, पेपर तपासणी, यू-डायसची (शाळेच्या सरकारी नोंदीची) माहिती, बीएलओचं (मतदार याद्यांचं) काम, स्नेहसंमेलन, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास विरळ हजेरी, सगळं एकावर एक. काम कमी करणं मुख्याध्यापकाच्या हातात नाही, पण ते कसं उतरतं हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात आहे. संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर सूचना नाही. तातडीचं असेल तर फोन. माहिती मागवायची तर कमीत कमी दोन दिवस आधी आणि एकाच तक्त्यात. तीच माहिती वर्गशिक्षकाकडून तीनदा भरून घेऊ नये. स्टाफ मीटिंग शाळा सुटल्यावर नाही, महिन्यातल्या एका शनिवारी ठरलेल्या वेळेत, चाळीस मिनिटं. जूनमध्येच बदली तासांची यादी करून ठेवा: अमुक बाई रजेवर गेल्या तर कोणता तास कोण घेणार. ही यादी नसली की रजा मागणाऱ्याला अपराध्यासारखं वाटतं, आणि माणूस ताप घेऊन वर्गात येतो.

मधली सुट्टी शिक्षकांचीही आहे. पोषण आहाराच्या पंगतीवर आठवड्याच्या पाळ्या लावा, म्हणजे बाकीच्यांना बसून डबा खाता येईल. उभ्या-उभ्या दोन घास आणि वर चहा, यातून पित्त आणि शुगर दोन्ही बिघडतं. पैसे कुठून ते विचाराल, तर कडी, खिळा, पंख्याचं बेअरिंग, ओटी किट, हे किरकोळ खर्चात बसतं. वेतनेतर अनुदान आलं की माइक आणि प्लंबर.

समुपदेशन_सोलापूर

समुपदेशक "जमला तर" असं आता म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि सगळ्या स्टाफला वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावं, असं त्यात आहे. पूर्णवेळ पद भरता येत नसेल तर जवळच्या तीन-चार शाळांनी मिळून एक जण ठरवावा, प्रत्येक शाळेत ठरलेला एक दिवस. तेलुगू येणारी व्यक्ती मिळाली तर नक्की तीच घ्या. दुःख मुलं घरच्या भाषेत सांगतात.

पण समुपदेशक यायच्या आधी वर्गशिक्षक असतो. त्यानं बदल बघायचा. चांगलं अक्षर बिघडणं, मित्रांपासून दूर बसणं, दर सोमवारी पोटात दुखणं, ठरावीक माणूस घ्यायला आला की घाबरणं, थंडी नसताना लांब बाह्या. दोन आठवडे टिकलेला बदल म्हणजे बोलायची वेळ झाली. बोलायचं ते चालता-चालता किंवा शेजारी बसून, टेबलापलीकडून नाही. "गेल्या काही दिवसांत तू डबा खात नाहीस असं दिसलं" अशी दिसलेली गोष्ट सांगून सुरुवात करा. "काय झालंय तुला?" याला उत्तर नेहमी "काही नाही" असंच येतं.

मुलाला जीव नकोसा झालाय असं तुम्हाला वाटलं तर सरळ विचारा: "मरून जावंसं वाटतं का? काही करायचं ठरवलंयस का?" विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही कुणीतरी सोबत. पालकांना बोलवा, घरात विषारी औषधं, गोळ्या, दोर हाताशी राहणार नाही असं सांगा, आणि त्याच दिवशी सिव्हिलच्या मनोविकार विभागात. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास चालू असतं आणि तिथं शिक्षकालाही सल्ला मिळतो. शिक्षकांनी स्वतःसाठीही हा नंबर वापरावा. दहावीच्या निकालाच्या दिवशी नापास झालेल्या प्रत्येक मुलाला त्या दुपारीच वर्गशिक्षकाचा फोन गेला पाहिजे, पुरवणी परीक्षेचा फॉर्म कसा भरायचा हे सांगायला.

लैंगिक अत्याचाराबद्दल मूल काही बोललं तर ऐकून घ्या, त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख-वेळ टाका, आणि थांबा. पुन्हा पुन्हा विचारू नका, आरोपीला समोर बोलावू नका, शाळेत चौकशी समिती बसवू नका. पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. चाइल्डलाइन 1098 मदतीला येते. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला देऊ नका, "तुला मदत करणाऱ्यांनाच सांगेन" असं म्हणा. अशा प्रसंगानंतर त्या शिक्षकाला त्या दिवशी पुढचे तास देऊ नयेत. असं ऐकलेलं माणूस तसंच जाऊन गणित शिकवू शकत नाही.

पूर्वभाग_बाई

ठरलं. आधी कड्या, पाइप आणि टाक्या, मग शेजारच्या दोन शाळांशी समुपदेशकाबद्दल बोलते. एक शेवटचं: लोहाच्या गोळ्या. मुली खिडकीतून टाकतात. "मळमळतं", "शी काळी होते" म्हणतात. पालकांच्याही तक्रारी येतात.

आरोग्यपथक_ताई

शी काळी होणं हे गोळी पोटात गेल्याचं लक्षण आहे, घाबरायचं नाही. हे पहिली गोळी द्यायच्या आधी पालक सभेत सांगा, तेलुगूतून सांगणारी एखादी आई बरोबर घ्या. मळमळतं ते उपाशीपोटी घेतल्यानं. सोमवारी, जेवणानंतर अर्ध्या-एक तासानं द्या. पाचवी ते आठवीची मुलं खिचडी खातात, त्यांना सोपं. नववी-दहावीला पोषण आहार नाही, त्यातल्या कितीतरी मुली डबाच आणत नाहीत, आणि गोळ्या त्याच टाकतात. त्या दिवशी त्यांना आधी काहीतरी खायला हवं, शेंगा-चटणी आणि भाकरीचे चार घास पुरतात. गोळीबरोबर किंवा लगेच नंतर चहा-दूध नाही, लोह शोषलं जात नाही. लिंबू किंवा पेरू चालतो, उलट फायदाच.

दहा वर्षांवरच्यांना निळी गोळी, 60 मिलिग्रॅम लोहाची. पाचवीतल्या दहा वर्षं पूर्ण न झालेल्यांना गुलाबी, 45 ची. आठवड्याला एकच. गैरहजर होती म्हणून दोन एकदम द्यायच्या नाहीत. ताप असेल तर त्या आठवड्याला नको. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वर्गात, शिक्षकांसमोर, पाण्याबरोबर, चावायची नाही. गोळ्या घरी देऊ नका, लहान भावंडांनी एकदम खाल्ल्या तर जिवावर बेततं. वर्षातून दोनदा जंताची अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची गोळी असते, ती मात्र चावूनच. जंत राहिले तर लोह देऊनही रक्त वाढत नाही.

बारा वर्षांवरच्या मुलींचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. 8 च्या खाली असेल तर आठवड्याच्या गोळीवर सोडायचं नाही, दवाखान्यात पाठवायचं. आकडा वर्गात वाचून दाखवू नका, बंद चिठ्ठीतून घरी. आणि बाईंनीही सोमवारी मुलींच्या समोर घोटभर पाणी घेऊन स्वतःची गोळी घ्यावी. तुमच्या स्टाफमधल्या कितीजणींचं हिमोग्लोबिन 12 च्या वर आहे ते तपासलंय का? नसेल तर नागरी आरोग्य केंद्राची परिचारिका बीपीला येईल त्याच दिवशी तेही करून घ्या.